गेम पार्लर: मॉट स्ट्रीट ते शहागंज, आपापल्या आठवणी लिहा

शहागंजचा_पोरगा

नमस्कार मंडळी. परवा गावी आलतो, छत्रपती संभाजीनगरला, शहागंजात घड्याळाच्या टॉवरकडून जाताना मुद्दाम त्या गल्लीत वळलो. चाचाच्या गेमच्या दुकानाचं शटरच काढून टाकलंय, आत मोबाईलचे कव्हर लटकवलेत. दुकान बंद होऊन वीसेक वर्षं झाली हे माहीत होतं तरी पोटात तुटलं. त्याच रात्री हे लिहायला बसलो.

२०१८ ला कंपनीच्या कामानं न्यूयॉर्कला गेलतो. रविवार रिकामा होता म्हणून मॅनहॅटनच्या चायनाटाऊनमधे ८, मॉट स्ट्रीट शोधत गेलो. तिथं चायनाटाऊन फेअर म्हणून आर्केड आहे. १९४४ ला सुरू झालेलं, तेव्हा व्हिडिओ गेम कुठले, एक सेंटचं नाणं टाकायच्या यांत्रिक पेट्या असायच्या. पुढं काही वर्षं तिथं एका पेटीत जिवंत कोंबडी होती, नाणं टाकलं की ती नाचायची, आणि दुसऱ्या एका पेटीतली कोंबडी तुमच्याशी फुली-गोळा खेळायची. तुम्ही जिंकलात तर फॉर्च्युन कुकीजची मोठी पिशवी बक्षीस. मग व्हिडिओ गेम आले आणि १९९१ ला स्ट्रीट फायटर टू ही दोघांच्या मारामारीची गेम आल्यावर ते दुकान अख्ख्या शहराचा आखाडा झालं. पाकिस्तानातून तिकडं गेलेला एक माणूस मालक, आणि खेळायला चिनी, काळी, पोर्तो रिकोची, बांगलादेशी, सगळी पोरं एकाच मशीनला खांद्याला खांदा लावून. घरी एकमेकांच्या भाषा समजत नाहीत पण इथं नंबर लावून उभी.

वाढलेलं भाडं आणि घरोघरी आलेले कन्सोल यात ते फेब्रुवारी २०११ ला बंद पडलं. मे २०१२ ला नव्या मालकानं पुन्हा उघडलं पण तिकीट जिंका, टेडी घ्या अशा मशीन घालून. जुनी पोरं नाराज झाली. जुन्या मॅनेजरनं ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमधे नेक्स्ट लेव्हल नावाचं वेगळं दुकान काढलं, फायटिंगवाले तिकडं गेले. मी गेलो तेव्हा आत लहान लेकरं बास्केटबॉल टाकत होती, नाचायच्या मशीनवर दोन पोरी अफाट नाचत होत्या. कोपऱ्यात फायटिंगच्या मशीन होत्या, तिथं अर्धा तास उभा राहिलो.

तिथं उभं राहून मला चाचाचं दुकान आठवलं. ९५-९६ चा काळ. बारा बाय दहाची खोली, दाराला निळी ताडपत्री, आधी तीन मशीन मग पाच. रुपयाला एक टोकन, पितळी, मधे खाच असलेलं. खेळणाऱ्याच्या समोरच्या काचेच्या खालच्या पट्टीवर टोकन ठेवलं की तुमचा नंबर लागला. कोणी टोकन चोरलेलं मी कधी बघितलं नाही, भांडणं मात्र रोज. एक पोरगा यायचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता, बोटांवर काळे डाग. ज्या डायनोसॉरच्या गेमला आपण मुस्तफाच म्हणायचो, तिच्यातला मुस्तफा नावाचा गडी घ्यायचा आणि एका टोकनात शेवटपर्यंत जायचा. हाताला घाम येतो म्हणून हँडलच्या गोळ्यावर रुमाल टाकायचा. मी घाईनं बटणं बडवायलो तर माझं मनगट धरून म्हणला, "नक्को मार अब्बी, रुक. उसका पाँव उठताय ना, तब मार." मला नाव विचारायचं सुचलं नाही. पण आजही कोणतीही गेम खेळताना मी समोरच्याचे पाय बघतो.

चायनाटाऊन फेअरवर लोकांनी फिल्म काढली, लेख लिहिले. आपल्या पार्लरचं काय? नांदेड, लातूर, परभणी, बीड, जालना, धाराशिव, हिंगोली, प्रत्येक गावात होते. कोणाकडं फोटो नाहीत. निदान कुठं होतं, कोणत्या मशीन होत्या, काय भाव होता, शेजारी कोण उभं राहायचं, एवढं तरी लिहून ठेवू.

मोंढा_नाका

मस्त धागा. जालन्यात मोंढ्याकडं एक होतं, मार्केटला आलेल्या माणसांची लेकरं तिथं बसवून बाप आडतीवर जायचा, संध्याकाळी येऊन घेऊन जायचा. पाळणाघरच म्हणा. रुपयाला दोन टोकन होते आमच्याकडं.

बाकी हा सगळा नाद जपानपासून सुरू झाला म्हणतात, स्पेस इनव्हेडर्स आली तेव्हा तिकडं १०० येनच्या नाण्यांचा तुटवडा पडलता एवढी लोकं खेळायची.

सोल्डर_नांदेड

@मोंढा_नाका भाऊ, नाण्याच्या तुटवड्याची गोष्ट फार फिरते पण ती खरी नाही. गेम १९७८ ची, तायतो कंपनीची. लोकांनी १०० येनची नाणी किती पाडली याचे आकडे मागाहून तपासले तर त्या वर्षांत ती उलट कमीच पाडलेली निघाली. आणि सुरुवात जपानची नाही, अमेरिकेची. १९७१ ला कॉम्प्युटर स्पेस आली, ती फार चालली नाही. १९७२ ला अटारीची पाँग. पहिली पाँग सनीवेलच्या एका बारमधे लावली, थोड्या दिवसांत बंद पडली म्हणून तक्रार आली, इंजिनिअर बघायला गेला तर नाण्यांचा डबा गच्च भरलता.

स्पेस इनव्हेडर्सची खरी गंमत वेगळी आहे. शत्रू मरत जातात तसे उरलेले जोरात पळतात ना, ते आधी ठरवून केलेलं नव्हतं. प्रोसेसर कमजोर होता, पडद्यावर चित्रं कमी झाली की काम हलकं व्हायचं आणि वेग आपोआप वाढायचा. बनवणाऱ्यानं, तोमोहिरो निशिकादोनं, ते तसंच ठेवलं. गेम पुढं अवघड होत जायची पद्धत तिथून रुळली.

आता माझं. मी ९२ ते २००४ नांदेडात हेच काम केलं, वजीराबाद, श्रीनगर, इकडं अर्धापूर, भोकर, तिकडं देगलूरपर्यंत मशीन दुरुस्तीला जायचो. बाहेरून मशीन वेगवेगळ्या दिसायच्या पण आतली वायरिंग एकच, जामा म्हणतात तिला. १९८५ च्या सुमारास जपानच्या मशीनवाल्यांच्या संघटनेनं ठरवलेली, ५६ पिनांची पट्टी. त्याच्यामुळंच खेड्यापाड्यात हा धंदा चालला. मुस्तफाची पाटी, म्हणजे गेमचं सर्किट बोर्ड, काढायची, स्ट्रीट फायटरची खोचायची, दहा मिनिटांत नवी गेम. डबा, टीव्ही, हँडल सगळं तेच. स्ट्रीट फायटरला जास्तीची तीन बटणं लागायची त्याची वायर वेगळी ओढायची, बस. मालक लोकं आपसात पाट्या बदलायचे, एक महिना माझ्याकडं एक महिना तुझ्याकडं, त्याच्यामुळं पोरांना वाटायचं चाचानं नवी गेम आणली. पाट्या बहुतेक नकली असायच्या हेही खरं. अस्सल फार महाग.

आपल्याकडची खरी दुश्मन धूळ आणि व्होल्टेज. पाटीला बरोबर ५ व्होल्ट लागतात, मे महिन्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर चालू झाले की ४.६ वर यायचं आणि मशीन मधेच रिसेट. सप्लायवर एक छोटा स्क्रू असतो, तो किंचित फिरवून व्होल्ट वाढवायचा, रात्री लाईन वाढली की परत कमी करायचा, नाहीतर पाटी जळाली. मालकांना शिकवून ठेवलतं.

आणि लायटर! गॅसच्या शेगडीचा खटका-लायटर टोकनच्या फटीजवळ वाजवला की फुकटात क्रेडिट पडायचं. ठिणगीचा झटका नाण्याच्या स्विचच्या वायरीत उतरायचा आणि पाटीला वाटायचं टोकन पडलं. अख्ख्या मराठवाड्यातल्या आयांचे लायटर त्या काळात गायब झालते. मी दाराच्या पत्र्याला अर्थिंग द्यायचो आणि वायर पत्र्यापासून लांब बांधायचो, मग बंद व्हायचं.

बाभळगाव_रोड

सोल्डरदादा दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

लातूरला ट्यूशनच्या गल्लीत होतं एक. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी मी मामाकडं शिकायला आलो, ९४ ला. गावात घर पडलतं, आईवडील टिनाच्या शेडमधे. दहावीच्या ट्यूशनला जायचं, सुटली की पंधरा मिनिटं तिथं. खेळायला पैसे नव्हतेच, आठवड्यात एखादं टोकन. बाकी दिवस मागं उभं राहून बघायचं. पण तिथला मालक मला कधी हाकलला नाही. लाईट गेली की वहीत लिहून ठेवायचा कोण कोणत्या बॉसपर्यंत (टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत) आलतं, आणि लाईट आल्यावर त्याला नवं टोकन द्यायचा. एकदा लाईट आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, तरी वहीत बघून टोकन दिलं. रात्री शेडमधे झोपलेली माणसं आठवायची तेव्हा त्या खोलीतल्या आवाजानं डोकं शांत व्हायचं, याच्याहून जास्त सांगता येत नाही.

बघून शिकायचं म्हणाल तर मॉट स्ट्रीटच्याच दुकानात वाढलेला जस्टिन वाँग. २००४ ला कॅलिफोर्नियात फायटिंग गेमच्या एव्हो स्पर्धेत स्ट्रीट फायटर थ्री वर त्याची मॅच जपानच्या दाईगो उमेहारासोबत. दाईगोच्या केनची लाईफ संपत आलेली, नुसता अडवला तरी मरेल एवढी. वाँगच्या चुन-लीनं सुपर मारला, १५ लाथा. त्या गेममधे मार पडायच्या क्षणी हँडल पुढं ढकललं तर मार वाया जातो, पण टायमिंग एवढं बारीक की एक चुकला की संपलं. दाईगोनं सगळ्या १५ तशाच वाया घालवल्या आणि उलटा मारून राऊंड घेतला. मी तो व्हिडिओ नंतर सायबर कॅफेत बघितला, तासाला २० रुपये देऊन, आणि पुन्हा पुन्हा तेवढाच बघितला. मागं उभी असलेली माणसं जशी ओरडतात ना, तसा आवाज आमच्या ट्यूशनच्या गल्लीत मी ऐकलेला आहे.

गंगाखेडची_लेक

सगळे छान लिहिताय पण एक गोष्ट कोणी लिहीना म्हणून लिहिते. "सगळी पोरं" म्हणता तेव्हा त्यात आम्ही नव्हतो. आमच्या गावात बसस्टँडजवळ पार्लर होतं, मी रोज तिथून शाळेत जायचे, ताडपत्रीच्या आतून आवाज यायचा आणि मला आत पाय टाकता आला नाही. भावाला डबा द्यायच्या निमित्तानं एकदा दारात उभी राहिले तर आतल्या पोरांनी असं बघितलं की डबा देऊन पळतच आले. घरी कळलं तर आईनं मारलं असतं, भावाला नाही, मला.

मी पहिल्यांदा खेळले परभणीच्या उरुसात. फेब्रुवारीत भरतो तिथं. मौत का कुआँच्या पलीकडं तंबूत चार मशीन लावलत्या, जनरेटरवर. तिथं गर्दीत कोणी ओळखत नव्हतं, काका सोबत होते, त्यांनीच दोन रुपये दिले. यात्रेत भाव डबल असायचा. मी हॅना घेतली, खेळायला घ्यायला ती एकच बाई होती मुस्तफाच्या गेममधे. सगळे मुस्तफा-मुस्तफा करतात पण हॅनाच्या हातात सुरी किंवा बंदूक आली की तिच्यासारखी कोणी नाही. शेजारच्या अनोळखी पोरानं जॅक घेतलता, तो मेला आणि मी उरले. तो गेला नाही, उभा राहून सांगत राहिला "वरच्या बाजूनं ये, वरच्या बाजूनं". दुसऱ्या बॉसला मेले. तो तंबू, डिझेलचा वास, पायाखालची माती, सगळं आठवतं. वर्षभर पुढच्या उरुसाची वाट बघितली.

शहागंजचा_पोरगा

@गंगाखेडची_लेक ताई, तुमचं बरोबर आहे आणि हे मी पहिल्याच पोस्टमधे लिहायला पाहिजे होतं. चाचाच्या दुकानात पाच-सहा वर्षांत एकही पोरगी खेळताना बघितलेली मला आठवत नाही. माझी बहीण घरी मला विचारायची आत काय असतं, मी पाठीवर हात टाकून मोठेपणानं सांगायचो, पण चल म्हणून एकदाही नेलं नाही. तुमची पोस्ट तिला पाठवलीय.

मोंढा_नाका

सोल्डरदादा, माहितीबद्दल धन्यवाद, मी वीस वर्षं ते नाण्याचं सांगत फिरायलो.

आमचं पार्लर बंद कशानं पडलं ते सांगतो. २००० च्या सुमारास एक मशीन पत्त्यांची आली, पैसे लावायची. मालकाला पोरांच्या रुपयांपेक्षा त्यात जास्त मिळायलं. मग मोठी माणसं येऊन बसायली, विड्या ओढायली, आणि एक दिवस धाड पडली. पत्त्यांच्या मशीनसोबत मुस्तफापण उचलून नेला. सहा महिने त्या मशीन उघड्यावर पडलत्या, पावसात प्लायवूड फुगलं. आम्ही पोरं शाळेतून येताना बघायचो. ज्या मशीनमधे जुगार नव्हता तिला का नेलं हे मला अजून समजलं नाही, राग अजून आहे.

किनवट_मेल

@मोंढा_नाका हे न्यूयॉर्कला आपल्याआधी झालंय. तिथं १९४२ ला महापौर ला गार्डियानं पिनबॉलवर (स्प्रिंगनं गोळी उडवायचं मशीन) बंदी घातली, जुगार आहे, पोरांच्या खिशातले शाळेच्या डब्याचे पैसे खातं म्हणून. स्वतः हातोडा घेऊन मशीन फोडतानाचे फोटो आहेत, तुकडे नदीत टाकले. म्हणजे धाग्यातलं चायनाटाऊन फेअर सुरू झालं तेव्हा शहरात पिनबॉल बंद होतं, दोन वर्षं झालती. ती बंदी उठली १९७६ ला. रॉजर शार्प नावाच्या माणसाला कौन्सिलसमोर खेळून दाखवायला लावलं की यात नशीब नाही, कसब आहे. त्यानं आधी सांगितलं की गोळी मधल्या फटीतून जाईल, आणि स्प्रिंग ओढून तशीच घातली. ३४ वर्षांची बंदी तिथं संपली.

आपल्याकडं असं कोणी पोराला बोलावून म्हणलं नाही की बाबा खेळून दाखव. माझी खात्री आहे की वेल्डिंगवाल्या त्या पोरानं एका टोकनात शेवटचा बॉस मारून दाखवला असता.

बाभळगाव_रोड

+१

औंढ्याचा_गण्या

धंदा संपला तो धाडीनं नाही, माझ्या मते. आमच्याकडं टीव्ही गेम आली, काळी कॅसेट खोचायची, त्यात मारिओ आणि कॉन्ट्रा. मग प्लेस्टेशन आणून लोकांनी तासावर लावलं, १० रुपये तास, चार पोरं दोन रिमोट. मग सायबर कॅफेत काउंटर स्ट्राईक. आणि १९९७ ला मेम नावाचं सॉफ्टवेअर निघालं ते इकडं सीडीवर पोचलं, जुन्या सगळ्या मशीनच्या गेम कॉम्प्युटरवर फुकट. शाळेच्या लॅबमधे सरांची नजर चुकवून मुस्तफा खेळलोय मी. पण कीबोर्डवर मजा येत नव्हती, शेजारी कोणाचा कोपर लागत नव्हता.

गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ ची कॅपकॉमची. मला ते नाव कॉलेजला गेल्यावर कळलं. आमच्या हिंगोलीत कोणालाही विचारा, मुस्तफाच.

सोल्डर_नांदेड

गण्या म्हणतो ते खरं. २००३-०४ ला मला आठवड्याला एक फोन यायचा नाही. मालक म्हणायचे भाडं निघेना, लाईट बिल निघेना, मशीनमागं करमणूक कर आहेच. डबे भंगारवाल्याला गेले, टीव्हीच्या ट्यूबा फुटल्या, प्लायवूड चुलीत. मी पाट्या ठेवल्यात. सोळा. फेकवल्या नाहीत. एका पत्र्याच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, मधे कापूर टाकून.

धागा वाचून काल रात्री पेटी उघडली.

शहागंजचा_पोरगा

दादा!! मुस्तफा आहे का त्यात?

सोल्डर_नांदेड

दोन आहेत. एकाची चिप गंजलीय. दुसरी चांगली दिसते. लावून बघतो, जुना मॉनिटर माळ्यावर आहे.

गंगाखेडची_लेक

दादा सांगा हं काय होतं ते. मी जागी आहे.

सोल्डर_नांदेड

रात्री साडेबारा वाजलेत. तुम्हाला सगळं लिहितो कसं झालं.

पहिल्यांदा लावली तर पडदा काळा. सप्लाय मोजला, ४.७, स्क्रू फिरवून ५ वर आणला. चित्र आलं पण सगळं निळं-हिरवं, लाल रंगच नाही, जॅकचा चेहरा बुडालेल्या माणसासारखा. लाल, हिरवा, निळा तिन्ही वेगळ्या पिनेवर येतात, म्हणजे एकच पिन धरत नव्हती. नातवाचं खोडरबर घेतलं, शाळेतलं पांढरं, आणि पट्टीची सोनेरी पातं घासली. बोटाला काळं लागलं. पुसून परत खोचली. लाल आला. एकदम आला, पूर्ण.

आवाज आला नाही. आवाजाचं पुढच्या रविवारी बघतो, अँप्लिफायरची आयसी मागवावी लागंल. हँडल एकच चालू आहे, दुसऱ्याचा स्विच तुटलाय.

नातू नऊ वर्षांचा आहे, आवाज नसताना उठून आला. त्याला म्हणलं कोण घेतोस. तो हॅनावर थांबला. मी मागं उभा राहिलो.

गंगाखेडची_लेक

कुठपर्यंत गेला?

सोल्डर_नांदेड

पहिल्या बॉसला मेला. परत टोकन मागायला लागला. टोकनची पेटी कुठं ठेवली ती शोधायलो.